आंबवलेला चहा : गुण, दोष आणि भांड्याची निवड

सांप्रत शहरातून खेड्यात येणाऱ्या नव्या वस्तूंत आंबवलेल्या चहाची बरणी ही एक होय. पुण्यामुंबईच्या दुकानांतून हे पेय ‘कोंबुचा’ या नावाने बाटल्यांत भरून विकले जाते. आणि नोकरीनिमित्त शहरात राहणारी आपली मुले, सुना, भाचे सणावारी गावी येताना त्याचे विरजण लहानशा बरणीतून घेऊन येतात. एका घरचे विरजण मग दुसऱ्या घरी जाते, दुसऱ्या घरचे तिसऱ्या घरी. विरजणाबरोबर गुणांची यादीही जाते. पचन सुधारते, सांधे मोकळे होतात, रक्त शुद्ध होते, मधुमेह हटतो. ही यादी दर घरी थोडी वाढते, आणि कृती मात्र दर घरी थोडी विसरली जाते. म्हणून ह्या पेयाविषयी खात्रीलायक अशी जी माहिती आहे, ती आमच्या शेतकरी बंधूंपुढे एकत्र मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या विषयावर लिहिण्याचा आम्हांस काय अधिकार, असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. आम्ही वैद्य नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करून आम्ही निवृत्त झालो आणि हल्ली वडिलोपार्जित जमीन पाहतो. लिहिण्याचे कारण इतकेच की, ह्या चहाच्या बाबतीत एक मोठी चूक आमच्या हातून घडली. ती लपवून ठेवण्यापेक्षा सांगितल्याने कोणाचे तरी नुकसान टळेल असे वाटते.

आमच्या हातून घडलेली चूक

आमच्या धाकट्या कन्येने पुण्याहून हे विरजण आणले. आम्ही दोन महिने रोज सकाळी अर्धा पेला घेतला. पोट हलके वाटू लागले, दुपारची सुस्ती कमी झाली. ते चहामुळे झाले, की चहापायी सकाळचे तळलेले खाणे सुटले त्यामुळे झाले, याचा विचार आम्ही केला नाही. पारावर बसून स्तुती मात्र भरपूर केली. आमचे थोरले चुलत बंधू मधुमेहाने नऊ वर्षे आजारी. रोज दोन गोळ्या चालू. ते एके दिवशी घरी आले आणि म्हणाले, “काय रे, हा तुझा चहा साखरेवर चालतो का?” आम्ही उत्तर दिले, “दादा, चालतो म्हणतात.”

ज्या माणसाने सारा जन्म कचेरीत काढला, ज्याने खरेदीखत किंवा वारसाचा दाखला पाहिल्यावाचून फेरफाराची नोंद पुढे सरकवली नाही, त्याने ‘म्हणतात’ एवढ्या आधारावर घरच्या वडील माणसास औषधाविषयी सल्ला द्यावा, ही गोष्ट आज आठवली म्हणजे आमची आम्हांस लाज वाटते.

दादांनी विरजण नेले. घरात माणसे पुष्कळ म्हणून त्यांनी चहा काचेच्या बरणीत न करता जुन्या पितळेच्या घागरीत घातला. घागरीची कल्हई कधीच उडाली होती. दिवसाला तीन मोठे पेले ते घेऊ लागले आणि गुण येणारच आहे अशा भरवशावर त्यांनी गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी त्यांना सारखी तहान, उलट्या आणि विलक्षण अशक्तपणा आला. तालुक्याच्या गावी नेले तेव्हा रक्तातील साखर चारशेच्या वर होती. डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. गोळ्या कधीपासून बंद आहेत? पेय कोणत्या भांड्यात केले? त्यात साखर किती घालता? तिन्ही उत्तरे ऐकून ते म्हणाले, “उलट्या साखरेच्या की पितळेच्या, हे आता निवडून सांगता येणार नाही. दोन्ही कारणे पुरेशी आहेत.” पाच दिवसांनी दादा घरी आले. देवाची कृपा म्हणावयाची. पुढील सर्व लेख म्हणजे त्या तीन प्रश्नांचा आम्ही मागाहून केलेला अभ्यास आहे.

हे पेय म्हणजे काय

प्रथम एक घोटाळा दूर करावयास पाहिजे. आपण रोज पितो त्या काळ्या चहाची पाने कारखान्यात ‘आंबवतात’ असे म्हणण्याची वहिवाट आहे. परंतु तेथे जंतूंचे काम जवळजवळ नसते. पान चुरगळले म्हणजे त्यातील रस हवेशी मिळून ते लाल-काळे पडते, कापलेले वांगे काळे पडावे तद्वत. प्रस्तुत लेखात ज्याचा विचार करावयाचा तो चहा वेगळा. तयार चहाचे पाणी, त्यात साखर, आणि त्यात जिवंत विरजण घालून सात-आठ दिवस ठेवल्याने जे आंबटगोड, किंचित फसफसणारे पेय होते ते हे होय.

विरजणाबरोबर जी जाड, बुळबुळीत, पांढरट चकती मिळते तिला शहरात ‘स्कोबी’ किंवा ‘मदर’ म्हणतात. दिसावयास ती अळंबीसारखी म्हणून रशियात तिला ‘चहाची बुरशी’ हे नाव पडले, आणि १९१३ साली लिंडाऊ नामक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय नावही बुरशी समजूनच ठेविले. वास्तविक ती अळंबी नव्हे. ती सूक्ष्म जीवांची वसाहत आहे, आणि तिच्यात मुख्यतः दोन जाती नांदतात. पहिली किण्वांची, म्हणजे ज्याला पावभट्टीत यीस्ट म्हणतात त्याची. किण्व साखर फोडून तिचे मद्यार्क आणि वायू करतात. दुसरी जात सिरका करणाऱ्या जंतूंची. हे जंतू त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्याचेच आम्ल, बनवितात. आणि साखरेच्या काही भागाचे ग्लुकॉनिक आम्ल करतात. ती चकती ही त्या जंतूंनी विणलेली चादर आहे. १८८६ साली ब्राऊन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सिरक्यावरील अशाच सायीची परीक्षा करून दाखविले की ती सेल्युलोजची असते. आपल्या कापसाचा तंतू ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्याची ही चादर होय.

आता आम्लतेचा हिशेब पाहू. आपल्या माती परीक्षणाच्या पत्रिकेत ‘सामू’ म्हणून जो आकडा असतो, तोच येथे उपयोगी पडतो. सामू ७ म्हणजे ना आम्ल ना विम्ल. आकडा एकाने उतरला की आम्लता दसपट वाढते. चांगल्या ताकाचा सामू साधारण साडेचार असतो. तयार झालेल्या ह्या चहाचा तीनच्या आसपास, कधी अडीचपर्यंतही, उतरतो. म्हणजे हे पेय ताकापेक्षा तीसपट अधिक आम्ल आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेविली तर ह्या पेयाचे बहुतेक गुण व बहुतेक दोष आपोआप उलगडतात. इतक्या आम्लात रोगाचे बहुतेक जंतू तग धरीत नाहीत, हा गुण. इतके आम्ल भांड्याचा धातू, लेप व माणसाच्या दातांवरील कवच खाते, हा दोष.

कोठून आले

ह्या पेयाचे मूळ चीनच्या ईशान्य भागात असावे असे सर्वसाधारण मत आहे. तेथून ते रशियात गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पोहोचले. सोव्हिएट काळात रशियातील कित्येक घरांच्या खिडकीत तीन लिटरची काचेची बरणी तोंडाला जाळीदार फडके बांधून ठेवलेली असे. तिच्यातून रोज काढावयाचे आणि तिच्यातच गोड चहा पुन्हा भरावयाचा, हा परिपाठ. ‘कोंबुचा’ हे नाव मात्र चुकून चिकटलेले दिसते; कारण जपानी भाषेत ‘कोंबुचा’ म्हणजे समुद्रातील शेवाळ्याचा चहा, आणि ह्या पेयास ते लोक ‘लाल चहाची अळंबी’ अशा अर्थाचे दुसरेच नाव देतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेत त्याचा मोठा व्यापार झाला आणि तेथून बाटलीत बसून ते आपल्याकडे आले. ही सर्व हकीकत सांगण्याचे कारण असे की, ‘दोन हजार वर्षांचे अमृत’ अशी जी जाहिरात वाचावयास मिळते, तीमागे लेखी पुरावा नाही. जुने असणे हा तसाही गुणाचा दाखला होत नाही. तंबाखूही आपल्याकडे चारशे वर्षे जुनी आहे.

गुणांचा पुरावा किती

येथे आम्ही कचेरीची रीत पाळतो. सांगणारा कोण, पाहिले कोणी, किती जणांवर पाहिले, हे विचारल्यावाचून नोंद धरावयाची नाही.

२००३ साली इंग्लंडातील एक्सेटर येथील एर्न्स्ट ह्या संशोधकाने ह्या पेयावरील सर्व उपलब्ध वाङ्मय तपासले. माणसांवर रीतसर केलेला एकही प्रयोग त्याला आढळला नाही. आढळले ते अपायाचे थोडे दाखले. त्यानंतर उंदरांवर व काचेच्या नळीत पुष्कळ प्रयोग झाले. उंदराचा गुण माणसाच्या नावे चढविणे बरोबर नाही.

माणसांविषयी अलीकडचे दोन दाखले सांगण्याजोगे आहेत. २०२१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ निरोगी लोकांवर प्रयोग केला. त्यांतील एका गटास दहा आठवडे दही, केफिर म्हणजे आंबवलेले दूध, किमची नावाची आंबवलेली भाजी आणि हाच आंबवलेला चहा असे पदार्थ भरपूर दिले. त्यांच्या आतड्यांतील जंतूंची विविधता वाढली आणि शरीरातील दाहाची काही चिन्हे कमी झाली. हा दाखला चांगला आहे; परंतु तो सर्व आंबवलेल्या अन्नाचा आहे, एकट्या चहाचा नाही. आपले दही-ताकही त्याच पंगतीत बसते.

दुसरा दाखला मधुमेहाचा. २०२३ साली अमेरिकेतच मधुमेहाच्या १२ रुग्णांस चार आठवडे रोज सुमारे २४० मिलिलिटर कोंबुचा दिला. उपाशीपोटीची त्यांची साखर सरासरी १६४ होती ती ११६ वर आली. आकडा पाहून मन हरखते. परंतु रुग्ण अवघे बारा. आणि नुसते चवीला तसे लागणारे दुसरे पेय दिले तेव्हाही साखर काहीशी उतरलीच होती. प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःच तो प्राथमिक म्हटला आहे. बारा झाडांच्या उताऱ्यावरून साऱ्या तालुक्याची आणेवारी कोणी काढत नाही. तात्पर्य, हे पेय मधुमेहावर उपयोगी पडेल की नाही याची चौकशी चालू आहे, निकाल लागलेला नाही. आणि निकाल लागेपर्यंत डॉक्टरांनी दिलेली एकही गोळी कोणी कमी करू नये. आमच्या दादांच्या प्रकरणात मुख्य अपाय चहाने केला नाही. बंद केलेल्या गोळ्यांनी केला.

साखरेचा हिशेब तर कोणासही मांडता येईल. लिटरभर पाण्यास ७० ग्रॅम साखर घातली आणि आठवड्यात तिच्यापैकी निम्मी जंतूंनी खाल्ली असे धरले, तरी ३५ ग्रॅम उरते. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात ७ ग्रॅम, तीन पेल्यांत २१ ग्रॅम. आंबट लागते म्हणून साखर नाही, ही समजूत चुकीची आहे. आंबटपणा साखर झाकतो, नाहीशी करीत नाही.

दोष कोठून येतात

जगात जे अपाय नोंदले गेले त्यांचे दाखले पाहिले असता असे दिसते की, दोष तीन ठिकाणांहून येतात : भांड्यातून, हातातून आणि अतिरेकातून.

भांड्याचा दाखला ऑस्ट्रेलियातील आहे. तेथील एका पतिपत्नीने सहा महिने हा चहा चकाकणाऱ्या लेपाच्या मातीच्या भांड्यात करून प्याला. लेपात शिसे होते. आम्लाने ते सुटून पेयात उतरले आणि दोघांस शिशाची विषबाधा झाली. ही हकीकत १९९८ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आपल्या वाचकांस ह्यात नवल वाटू नये. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, हे आपल्या आजीला ठाऊक होते; म्हणूनच दारावर कल्हईवाला आला की घरातील भांडी बाहेर निघत. कळकणे म्हणजे आम्लाने तांबे व जस्त सुटून अन्नात उतरणे. ताकाच्या तीसपट आम्ल असलेला पदार्थ, तोही एका रात्रीपुरता नव्हे तर सात दिवस, कल्हई उडालेल्या घागरीत ठेवला, याचा अर्थ काय होतो हे आम्हांला घरातील परंपरेवरूनच कळावयास पाहिजे होते. नवी वस्तू आली की जुने शहाणपण तिला लागू नाही असे आपण समजतो. हीच मोठी चूक होय.

हाताचा दाखला इराणातील आहे, आणि तो गुरेढोरे बाळगणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. तेथील एका खेड्यात ही चकती दुखऱ्या अंगावर लावण्याची चाल पडली. चकती वाढविण्याची जागा गोठ्याच्या संसर्गाची, अस्वच्छ होती. सुमारे वीस जणांच्या कातडीला काळपुळी झाली. गुरांना जो फाशी नावाचा भयंकर रोग होतो, तोच हा. ही नोंदही १९९८ सालची आहे. वाचकांनी यावरून दोन नियम घ्यावेत. गोठा, शेणखत, खुराडे यांच्याजवळ बरणी ठेवू नये. आणि चकती जखमेवर किंवा अंगावर कधीही लावू नये.

अतिरेकाचा दाखला अमेरिकेतील आयोवा प्रांताचा आहे. १९९५ च्या एप्रिल महिन्यात तेथील एकाच गावातील दोन स्त्रिया रक्तातील आम्ल बेसुमार वाढल्याने अत्यवस्थ झाल्या. एक दगावली, एक वाचली. दोघीही सुमारे दोन महिने हा चहा रोज घेत होत्या. त्यांतील एकीने अलीकडेच रोजचे प्रमाण तिपटीने वाढविले होते आणि चहा सातऐवजी चौदा दिवस आंबविला होता. न्यायाने हेही सांगावयास पाहिजे की, त्या गावातील शंभराहून अधिक लोक त्याच वाणाचा चहा पीत होते व त्यांना काही झाले नाही. आणि तपास करणाऱ्या सरकारी खात्यानेही चहाच कारण होता असे सिद्ध झाल्याचे म्हटलेले नाही, संबंध असू शकतो इतकेच म्हटले. निरोगी माणसाने रोज सुमारे चार औंस, म्हणजे १२० मिलिलिटरच्या आसपास, घेतल्यास बहुधा अपाय होणार नाही, असेही त्याच खात्याने नमूद केले आहे. आम्ही हा आकडा मर्यादा म्हणून धरतो.

याखेरीज बुरशीचा धोका आहे. ओल्या भुईमुगावर जी हिरवट बुरशी चढते आणि तिच्यातून जे विष निपजते, त्याची कीर्ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. तसलीच बुरशी, विरजण कमी पडले असता, ह्या चहावर धरू शकते.

मद्यार्काची गोष्टही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सारे मद्यार्क सिरक्यात बदलत नाही, थोडे उरतेच. ते सहसा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. परंतु झाकण घट्ट लावून बाटली उबेत ठेवली तर किण्वांचे काम चालूच राहते आणि प्रमाण वाढते. २०१० साली अमेरिकेत याच कारणासाठी पुष्कळ बाटल्या दुकानांतून मागे घेण्यात आल्या. आपल्या देशातील २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांतही अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्य गणले आहे. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांनी हे जाणून मग काय ते ठरवावे.

कोणी घेऊ नये

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे विकार असलेले, कर्करोगावर उपचार चालू असलेले अथवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण झालेले, आणि दारूचे व्यसन सोडलेले यांनी हे पेय घेऊच नये. मधुमेही माणसाने, तसेच रोजची औषधे चालू असणाऱ्या कोणीही, आपल्या डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्यांस छातीत जळजळ होते त्यांना ते सोसत नाही. चहातील उत्तेजक द्रव्य ह्यातही उरते, म्हणून निजण्यापूर्वी पिऊ नये.

कृती

हे सर्व वाचूनही ज्यांस करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी आमच्या घरची कृती देतो.

१. भांडे साध्या काचेचे, रुंद तोंडाचे, कढत पाण्याने धुऊन वाळविलेले असावे. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, लेपाची जुनी बरणी व रंगीत प्लास्टिक ही सर्व वर्ज्य.

२. एक लिटर पाणी उकळून त्यात दोन लहान चमचे चहा व ७० ग्रॅम साखर घालावी. दूध, आले, मसाला घालू नये. दहा मिनिटांनी गाळून पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम पाण्यात विरजण घातले तर ते मरते आणि बुरशीला रान मोकळे होते.

३. मागील खेपेचा आंबट चहा १०० ते १५० मिलिलिटर व चकती त्यात घालावी. केवळ चकती घालून भागत नाही. आरंभीची ती आंबटाईच आगंतुक जंतूंस व बुरशीस बाहेर ठेविते.

४. तोंडाला घट्ट विणीचे स्वच्छ फडके बांधावे, म्हणजे हवा जाईल व चिलटे जाणार नाहीत. बरणी उन्हात ठेवू नये.

५. थंडीत आठ-दहा दिवस, उन्हाळ्यात पाच-सहा दिवस पुरतात. सामू पाहण्याचे कागद तालुक्याच्या औषधाच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात चौकशी केल्यास मिळतात. सामू ४.२ च्या खाली आल्याशिवाय पिऊ नये, २.५ च्या खाली गेल्यास तो चहा पिण्यास योग्य नव्हे.

६. वर येणारी नवी साय ओली, गुळगुळीत, पांढरट असते. खाली तपकिरी धागे लोंबतात. ही चिन्हे ठीक आहेत. परंतु वर कोरडा, केसाळ, हिरवा, काळा किंवा पांढरा ठिपका दिसला तर चकतीसह सर्व चहा उकिरड्यावर टाकावा. ठिपका काढून बाकीचे वाचविण्याचा मोह धरू नये.

७. तयार पेय थंड जागी, शीतकपाटात ठेवावे. बाटलीचे झाकण अधूनमधून सैल करावे. वायू कोंडून काचेची बाटली फुटते.

८. आरंभी अर्धा पेला, तोही जेवणाबरोबर. नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी, म्हणजे दात झिजत नाहीत.

ताक पुढे असता

शेवटी एक प्रश्न उरतो. आंबवलेल्या अन्नापासून आतड्यांस जो लाभ होतो असे दिसते, त्यासाठी हे पेय आणणे अवश्य आहे काय? आमचे मत, नाही. आपल्या घरी ताक आहे. त्यात साखर घालावी लागत नाही, मद्यार्काची चिंता नाही, वर दुधाचे सत्त्व मिळते. नाचणीची अंबील आहे. कोणाच्या घरी उन्हाळ्यात अंबिलीचे मडके अजून लागत असेल, तर त्यास पुण्याहून काही मागविण्याची गरज नाही. ज्यांस दूध सोसत नाही, किंवा ज्यांस शहरातील गोड, रंगीत, फसफसत्या पेयांची सवय लागली आहे, त्यांना मात्र त्या बाटलीच्या जागी हा चहा अर्धा पेला घेणे अधिक बरे. ह्याहून मोठा दावा आम्ही करीत नाही.

दादा आता बरे आहेत. गोळ्या वेळेवर घेतात. घागरीला त्यांनी कल्हई करून घेतली, पण ती आता पाण्यासाठी आहे. परवा आम्ही गेलो असता त्यांनी ताकाचा पेला पुढे केला आणि म्हणाले, “हे घे. ह्याचे गुण कोणी सांगावे लागत नाहीत.” आम्ही निमूटपणे घेतला.

आमच्या घरी ती काचेची बरणी अद्याप आहे, आणि विरजण मागावयास शेजारीपाजारी अद्याप येतात. कोणास नाही म्हणत नाही. परंतु विरजणाबरोबर वर दिलेली आठ कलमे आणि ‘कोणी घेऊ नये’ ही यादी एका कागदावर स्वहस्ते लिहून देतो आणि देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारतो : घरात कोणास कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि भांडे कोणते आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर आधी भांडे आणा असे सांगतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरून असे विरजण बाहेर जात असेल, त्यांनी एवढी तसदी अवश्य घ्यावी, अशी आमची विनंती आहे. आणि कोणी गुण विचारलाच, तर ‘म्हणतात’ हा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी आमच्या दादांची आठवण करावी.